काका मामांच्या खाली गेले

माझं काम सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय?" एकच वेबसाइट लहान मोबाईल, मोठा मोबाईल, टॅब, लॅपटॉप अशा सगळ्यांवर उघडून बघायची आणि कुठं काय बिघडलंय ते कंपनीला कळवायचं. साताऱ्यात घरी बसून मी दिवसभर हेच करते. आई शेजारणींना सांगते, "मोबाईल बघायचा पगार मिळतो तिला."

एवढी जाणकार मी, म्हणून ताईच्या लग्नाची वेबसाइट मीच केली. निमंत्रकांचे तीन फोटो ओळीत लावले. डावीकडे मामा, मधोमध थोरले काका, उजवीकडे पप्पा. काका फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरला शेती बघतात. घरात मान त्यांचा, म्हणून मधली जागा त्यांना. पाच पडद्यांवर तपासलं. अक्षर तुटत नव्हतं, बटण हरवत नव्हतं. खुशीत सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवून दिली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "मांडवाची मेढ मामालाच रोवाय सांगा. आमी काय लग्नाला येत न्हाई."

घरात सगळ्यांची पाचावर धारण बसली. काकांनी मेढ रोवल्याशिवाय आमच्याकडं एकही मांडव उभा राहिलेला नाही. ताई तर रडायलाच लागली, काका नसतील तर मला लग्नच नको म्हणाली. कारण कुणालाच कळेना, म्हणून सकाळी मी एसटीनं रहिमतपूर गाठलं.

काकांनी आपला तळहाताएवढा मोबाईल पुढं केला, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. अरुंद पडद्यावर तीन फोटो शेजारी शेजारी मावत नाहीत, ते एकाखाली एक उतरतात. डावीकडचा सगळ्यात वर. मामा वर, काका त्यांच्या खाली! हे मी घरी बघितलं होतं आणि "बरोबर" म्हणून खूणही केली होती.

"मामाला माझ्या डोस्क्यावर बसवलास व्हय गं?"

"अहो काका, मोबाईल आडवा धरा ना."

आडवा धरला की काका मधोमध, उभा धरला की मामांखाली. त्यांनी चार वेळा फिरवून बघितलं. "मंग काय समद्यास्नी सांगत फिरू, आडवा धरा म्हणून?"

मी तिथंच लॅपटॉप उघडून क्रम बदलला. काका, मामा, पप्पा. काकांनी चष्मा पुसून बघितलं. मिशीत हसले. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि तळाशी थांबलं.

"ह्यो खाली का?"

"पप्पा ना? ते कधी काही म्हणत नाहीत, काका."

"म्हणत न्हाई म्हणून तळाला घालायचं? लेक त्येची हाय. त्येला वर घे. मामा मधी. मला घाल खाली."

"नक्की?"

"व्हय. ल्हानपणी जत्रंत खांद्यावर घिऊन लय फिरवलाय त्येला. तवा बी मी खालीच हुतो."

पुन्हा क्रम बदलताना मला एकदम भरून आलं, आणि लाजही वाटली. पाच पडदे तपासले होते, पण पप्पा तळाला गेलेले मला दिसलेच नव्हते.

"मेढ मातर मीच रोवणार," काका म्हणाले. "मामाला सांगून ठिव."

मी "सांगते" म्हणाले आणि घाईनं उठले. आता मोबाईल आडवा धरला की मधोमध मामा येत होते, आणि ते काकांच्या लक्षात यायच्या आत मला साताऱ्याची एसटी पकडायची होती.