भिंतीतला फुत्कार

आमच्या घरात भूत नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. (मी शाळेत विज्ञान शिकवतो; एवढं ठाऊक असावंच लागतं.)

भिंत मात्र कण्हायची. उदगीरला हे जुनं घर घेतलं, लेक करुणा बाळंतपणाला आली, आणि नेमकी तिच्या उशाची भिंत बोलायला लागली! आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला. आधी लांब उसासा, मग घरघर, मग फुस्स! करुणा पोटाशी हात धरून भिंतीकडे बघत बसायची. तेवढ्यात गल्लीत "नळ आले!" अशी आरोळी उठे. बायको धावत जाऊन पहिल्या धारेचं पाणी लेकीसाठी भरे, उकळून ठेवी. तोवर भिंत गप्प झालेली असे.

बिलोलीहून मेहुणा आला, संपत. त्यानं भिंतीला कान लावला आणि त्याचा चेहराच उतरला.

"दाजी, आत धन हाय! नाग राखण करून राहिला."

"काहीतरीच काय!"

"मंग फोडून बघा की!"

विज्ञानाच्या इभ्रतीचा प्रश्न होता, म्हणून मी छिन्नी उचलली. (धनाचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. सोनाराचं दुकान किती वाजता उघडतं, एवढंच बायकोला विचारून ठेवलं.)

अंधारून येता येता गिलावा पडला. आत काहीतरी राखाडी, जाडजूड, वळसा घालून निजलेलं. हात लावला तर गारढोण! किल्लीनं खरवडलं, तर लख्ख चमकलं.

"चांदी!" संपत कुजबुजला.

आणि त्या वेटोळ्यानं उसासा टाकला! घाबरून मी छिन्नी हाणली, तशी थेट तोंडावर पिचकारी.

"विष! मेलो! विष!"

पाणी होतं. ओरडा ऐकून करुणा आली. तिनं त्या वेटोळ्यावर नख ओढलं.

"बाबा, चांदीवर नखाचा ओरखडा उठतो का? ह्यो शिशाचा पाइप हाय, नळाचा." मग तिनं झटकन हात मागे घेतला. "विष म्हणलात ते खरंच की. आठवडाभर यात मुरलेलं पाणी मी पिऊन राहिले?"

"मी तर उकळून देत होते गं!" बायको रडवेली झाली.

"उकळून शिसं जात न्हाई, आई. पाणी आटतं, शिसं तसंच ऱ्हातं."

हे तिला शाळेत मीच शिकवलं होतं. त्या क्षणी मला भिंतीपेक्षा स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी बाहेरून आणलं. रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचा पाइप बदलला. सगळ्यांचं रक्त लातूरला तपासायला दिलं. करुणाचा रिपोर्ट चांगला आला, काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

"शिसं वाईटच," डॉक्टर सांगत होते. "लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतं, जास्त झालं तर मोठ्यांच्यासुद्धा."

मी मोठ्या आशेनं विचारलं, "मग माझ्या रक्तात किती निघालं?"

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "तुमचं तर एकदम चोख आहे, सर!"

म्हणजे ती भिंत मी पूर्ण शुद्धीत फोडली होती!