तिसरी खिडकी

सकाळी फिरायला निघालो की जुनवानीच्या चौकात ती दिसायची. कारखान्याचा निळा ॲप्रन, हातात डबा, आणि सगळ्यांनी सोडला तरी तोंडावर मास्क. रसमड्याच्या कारखान्याची बस थांबायची, बाया चढायच्या, ही मात्र खालीच. बस हलली की तिसऱ्या खिडकीकडे बघून हात हलवायची आणि घरी परतायची.

एकदा न राहवून विचारलं, "बाई, रोज तयार होऊन येता, मग चढत कावून नाही?"

"लॉकडाऊनमधी सासूले लकवा मारला जी. घरी कोणी तरी पाहिजे, म्हणून मले काम सोडा लागलं."

"मग हात कोणाले दाखवता?"

"मलेच. ती जाते ना रोज कामाले, आपल्या जागेवर बसून." शांतपणे डबा सावरत ती म्हणाली, "चलतो. सासूले कूस बदलून द्याची हाय."

त्या बसमध्ये प्रत्येकीची जागा ठरलेली असते, हे मला ठाऊक होतं. पण तिने काम सोडून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मी बसच्या दारातून आत डोकावलो. तिसऱ्या खिडकीची जागा रिकामी होती आणि दोघीजणी दांडा धरून उभ्या होत्या.

"बसत कावून नाही तिथं?" मी विचारलं.

एकीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "बाई बसून हाय ना जी तिथं."