चंपाक्काची साक्ष

बंगळुरात सर्जापूर रोडवरच्या त्या मोठ्या हॉलात पाऊल टाकलं की चंपाक्का नाकाला पदर लावायची. अत्तराचा भपकारा, धूर सोडणारं यंत्र, निळे-जांभळे दिवे, आणि मधोमध पांढऱ्या बुटांतले पास्टर सुशांत. देवाच्या घरी आलोय की कुणाच्या रिसेप्शनला, तेच कळू नये. बेळगावकडे तिच्या माहेरच्या ख्रिस्ती मंडळीत चटईवर बसून गीतं म्हणायचे. पेटी एकच, तीही बेसूर, पण तिथे कुणी देवाची जाहिरात करत नव्हतं.

तरी ती यायची, त्याला कारण होतं. वर्षापूर्वी तिचा नवरा सयाजी आडवा झाला. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात वीस वर्षं घड्या घालणारा माणूस एका सकाळी दुकानातच कोसळला. अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हा याच हॉलातल्या चार बायका दवाखान्यात येऊन बसल्या होत्या, डबा घेऊन. केलेलं विसरेल ती चंपा कसली.

मग सुरू झाली घरातली घाण. उगाच नाकं मुरडू नका, ज्याच्या घरी आडवं माणूस आहे त्याला विचारा. पाठीला जखम, जखमेत पू, दिवसातून चारदा चादर बदलायची. लोकांच्या घरचा स्वयंपाक उरकून यायचं आणि हे उपसायचं. पहिले दोन महिने ती सगळं साफ करायची आणि मोरीत जाऊन भडभडा ओकायची. स्वतःच्या नवऱ्याची शिसारी येते, याचीच तिला जास्त शिसारी. एका दुपारी ती मोरीतच बसून राहिली आणि प्रभूला म्हणाली, "मला याची किळस येते. आता तुझीपण यायला लागलीय. काय करायचं ते तूच बघ."

चमत्कार वगैरे काही झाला नाही. वास होता तिथेच होता. पण कुणीतरी शेजारी येऊन बसलंय असं तिला वाटलं, काही न बोलता, नाकाला पदर न लावता. ती उठली, पाणी कोमट केलं आणि सयाजीची पाठ पुसली. त्या दिवसापासून ओकारी थांबली. एवढीच तिची शांती, पण तिला ती पुरत होती.

हे तिने पास्टरांना सांगितलं, तिथेच चुकलं. पास्टरांनी लगेच ठरवून टाकलं की येत्या रविवारी बाईंनी साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. "अगदी तुमच्या मराठीतच बोला," ते हिंदीत म्हणाले. "आमचा रविकिरण लोकांना कन्नडात सांगेल." बेळगावची पोर ती, कन्नड तिला घरच्यासारखं. पण ते विचारायला यांना सवड कुठली.

रविवारी तिच्या शेजारी धनलक्ष्मी नावाची बाई येऊन बसली, पहिल्यांदाच आलेली. तिच्या तरण्या मुलीला बेळ्ळंदूरच्या सिग्नलपाशी गाडीने उडवलं होतं. डोक्याला मार लागला, तेव्हापासून पोर अंथरुणात, आणि वर फिट येतात.

"अक्का," ती कन्नडात कुजबुजली, "आज कुणी बाई साक्ष देणार म्हणे. तिचा नवरा इथल्या प्रार्थना केलेल्या तेलाने चालायला लागला. खरं निघालं तर मी मुलीच्या गोळ्याच बंद करणार. विश्वास धरायचा तर पुरा धरा म्हणतात. सकाळची तर दिलीच नाही."

"कुणी सांगितलं तुला हे?" चंपाक्का विचारतेय तोवर तिचं नाव पुकारलं गेलं.

स्टेजवर ती सरळ बोलली. "माझा नवरा बरा झालेला नाही. चालत नाही, बोलत नाही. मी त्याची घाण काढते आणि प्रभू माझ्याजवळ बसतो. म्हणून मी शांत आहे."

रविकिरणने माइक तोंडाशी नेला आणि कन्नडात ठोकून दिलं, "माझ्या नवऱ्याला इथलं तेल लावलं. तिसऱ्या दिवशी तो उठून चालला."

हॉल टाळ्यांनी दणाणला. धनलक्ष्मी दोन्ही हात वर करून रडत होती.

चंपाक्का त्या पोराकडे बघतच राहिली. कोट घातलेला, चांगल्या घरचा, आणि लाजेचा पत्ता नाही. वर्षभर पू पुसला होता तिने, पण एवढं गलिच्छ काही हाताला लागलं नव्हतं. तिने माइक हिसकावला आणि कन्नडात म्हणाली, "हा खोटं बोलतोय. माझा नवरा घरी पडून आहे, आणि कुणी गोळ्या..."

माइक बंद झाला. गिटार सुरू झाली. पास्टर गोड हसून म्हणाले, बहीण जरा भावनावश झाली आहे. मेल्यांना देवाचंही भय नाही.

ती तडक खाली उतरली आणि धनलक्ष्मीला दंडाला धरून बाहेर पायऱ्यांवर घेऊन आली. "गोळ्या बंद करायच्या नाहीत. कळलं?"

धनलक्ष्मीने हात झटकला. "कशाला सांगितलंत? दोन मिनिटं मला किती बरं वाटलं होतं."

चंपाक्काने तिला पायरीवर बसवलं. स्वतःही शेजारी बसली.

"म्हणजे ते कधीच चालणार नाहीत?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

"आणि तरी तुम्ही देवाला मानता?"

"मानते."

"मग तो करतो तरी काय?"

"मला रोज घरी परत पाठवतो," चंपाक्का म्हणाली. "नाहीतर मी कधीच पळून गेले असते."

धनलक्ष्मीने डोळे पुसले आणि घरी फोन लावला. "सकाळची गोळी राहिलीय, ती दे तिला," ती म्हणाली. "हो, आत्ताच. आणि तिची चादर राहू दे, मी येऊन बदलते."