दोराच्या टोकाला कोण होतं?

बापाचा पाय शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडानं भाजला आणि आमचा हातगाडा ओढायचं काम आईच्या अंगावर आलं. ओतीव माल वर्कशॉपला पोचवायचा. छातीवरून पट्टा, पट्ट्याला दोर, मागून रेटायला मी आणि थोरली बहीण. रस्त्यावरच्या लोकांना गाडा दिसायचा, आई दिसायची नाही. "ए गाडा, बाजूला हो!" असंच ओरडायचे. आम्ही हातकणंगल्याच्या बौद्ध वस्तीतले. त्या गाड्याच्या जिवावर मी इंजिनिअर झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुठंही मोठ्यानं सांगतो.

दोन हजार सालानंतर कंपनीनं मला नवं मशीन शिकायला हॉलंडला धाडलं. सोबत शिवाजी पेठेतले जोशीसाहेब. छोटं गाव, गल्लोगल्ली ग्राख्त (गावातून काढलेले कालवे), काठाला उंच, अरुंद घरं. पहिल्याच दिवशी मी एका लाल रस्त्यावर उभा राहिलो. तो सायकलींचा निघाला. एक म्हातारी घंटी वाजवत माझ्यावर अशी कडाडली, की साहेब म्हणाले, "आपल्याच पेठेतली दिसतीया!" दुपारी कांदा घातलेला कच्चा मासा मी खाल्ला. साहेबांनी घरून आणलेली भडंगाची पिशवी उघडली.

रविवारी गावच्या संग्रहालयात गेलो. भिंतीवर एकोणिसाव्या शतकातला याच कालव्याचा फोटो. खाली पाटी: 'निवांत सकाळ. काठावर कोणी नाही.' माहिती सांगणारे आजोबा म्हणाले, "त्या काळी फोटोला वेळ लागे. हलणारं काही उमटत नसे. पण इथं हलायला कोणी नव्हतंच."

मी जवळ गेलो. मालानं भरलेली नाव पाण्यात खोल बसलेली, कडा जराशा पुसट. डोलकाठीपासून ताठ दोर काठाकडं गेलेला. त्याच्या टोकाला दोन धुरकट पट्टे, उभे, पुढं कललेले.

"हे काय?"

"काचेवरचा डाग."

"डागाला दोर बांधतात काय?"

आजोबा हसले. "मग घोडा असेल."

"घोडा आडवा उमटला असता. ही माणसं हायत!" मी तावात मराठीतच ओरडलो, मग इंग्रजीत सांगितलं. ते मान हलवून पुढच्या फोटोकडं वळले. माझं डोकं सणकलं. तिकडं आईला कुणी बघितलं नाही, इथं फोटोत असूनही बघत नाहीत!

साहेब कानाशी लागले, "कांबळे, सोड की आता. पावणं हाय आपण हितं."

"पावणा म्हणून खोटं ऐकून घ्यायचं व्हय? धरा ही टोकं."

गळ्यातला मफलर मी छातीवरून घेतला, दोन्ही टोकं साहेबांच्या हातात दिली आणि पायाचे चवडे रोवून ओढलं. साहेब फरशीवर घसरत आले. लोक हसले. आजोबा हसले नाहीत. ते माझ्या पुढं कललेल्या खांद्याकडं बघत होते, मग फोटोकडं.

तिकीट देणारी बाई खिडकी सोडून आली. हळू आवाजात म्हणाली, "माझी पणजी नाव ओढायची. घोड्याला पैसे कुठले? आमच्या घरात हे कोणी बोलत नाही."

"का बोलत नाही?" मी तिच्यावरही चिडलो. मग आजोबांना म्हणालो, "हा फोटो ज्या काचेवर घेतला, ती मूळ काच असेल तर भिंगाखाली धरा. आणि मला कळवा." पत्ता लिहून दिला, फोटोची झेरॉक्स मागून घेतली.

घरी आल्यावर आईला झेरॉक्स दाखवली. काहीच सांगितलं नाही. तिनं धुरकट पट्ट्यांवर बोट ठेवलं. "म्होरली वडतीया. मागली दमलीया, नुसती दोर धरून चालतीया."

काही महिन्यांनी संग्रहालयाचं पत्र आलं. काचेवर भिंगाखाली दोन डोईचे रुमाल आणि छातीवरचे पट्टे दिसले होते. नव्या पाटीचा मजकूर सोबत होता: 'निवांत सकाळ. दोन स्त्रिया नाव ओढताना.' मी त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं: दोघी ओझं ओढताहेत, तर सकाळ निवांत कुणाची?

दुसरं पत्र एका ओळीचं होतं. 'निवांत' काढलं आहे.