अर्धं इरलं

दोन दिवस नदीकाठी जाऊन राहायचं, तर माणसाला किती सामान लागावं? माझी मुलगी, जावई आणि नात ठाण्याहून गाडी भरून आली, तेव्हा मला वाटलं, यांनी घरच बदललं. ओटीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. माझ्याच घरात मी आडवा होऊन आत-बाहेर करत होतो.

बेत जावयांचा. दाभोशाला नदीकाठी तंबू ठोकायचा, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं, आणि मला बरोबर न्यायचं. मी म्हटलं, "पावणं, उघड्यावर झोपण्यात माझी निम्मी हयात गेली. कधी शेतातल्या माळ्यावर डुकरं हाकत, कधी खळ्यात भात राखत. आता कुठं डोक्यावर पक्की कौलं आलीत, तर तुम्ही परत बाहेर काढताय." ते हसले. ते मला मामा म्हणतात आणि मी काहीही बोललो तरी हसतात. अशा माणसाशी भांडता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष.

खरं कारण मला ठाऊक होतं. म्हातारीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी खोडाळ्याच्या बाजाराला जायचो, शेतात जायचो, त्यापलीकडं कुठं नाही. म्हणून मुलीनं हा घाट घातला होता.

हस्त लागला होता. आमच्याकडं या दिवसांत सकाळी ऊन असं पडतं की पाठ भाजते. दुपारनंतर ढग कधी गडगडत येईल ते सांगता येत नाही. पहाटे घोंगडी लागते. जावईही तेच म्हणत होते, फक्त मोबाईलमध्ये बघून.

"मामा, अर्धं ऊन, अर्धे ढग दाखवतंय."

"कुठं? ठाण्यात का इथं?"

"इथलंच, दाभोशाचं."

"मग त्याला म्हणावं, कुठलं अर्धं ते सांग. सकाळचं का दुपारचं. तेवढं सांगता येत नसेल तर कशाला बोलतो?"

ते परत हसले.

उन्हाची एक पिशवी, पावसाची एक, थंडीची एक. उन्हाच्या पिशवीत टोप्या आणि तोंडाला लावायचं मलम. थंडीच्या पिशवीत झोपायची पोती. पोतीच ती, नाव काही द्या. माणसानं आत शिरायचं आणि गळ्यापर्यंत चेन ओढायची. तंबू तर पिशवीतून काढून बघितला आणि मग परत पिशवीत जाईना. पाचवीतली नात त्याच्यावर बसली, तरी जाईना.

मी विचारलं, "काडेपेटी घेतली?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"लायटर आहे ना," जावई म्हणाले.

"आणि तो भिजला म्हणजे?"

आमची म्हातारी रानात निघाली की एक गाठोडं बांधायची. औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली, तिच्यात काडेपेटी. मिठाची पुडी. जुन्या लुगड्याचं कोरडं फडकं. मी वाटेवर उभा राहून ओरडायचो, की संसार घेऊन निघाली का, चल लवकर. ती गाठ मारूनच निघायची. पाऊस येऊन गेला की ते फडकं आधी माझ्याकडं फेकायची. त्यामुळे बरोबर काय घ्यावं, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही. आता मी चुलीपुढं उभा राहून ती बाटली शोधत होतो आणि सापडत नव्हती. मुलगी आली, फळीच्या मागं हात घातला आणि बाटली काढून माझ्या हातात दिली. मला त्याचा रागच आला.

मग पावसाची पिशवी उघडली. सगळ्यांना कोट आणले होते. माझा पिवळा, हळदीसारखा. मी घालून बघितला. आत घाम, टोपी डोळ्यांवर, आणि कानात नुसती सळसळ. कोण काय बोलतंय ते ऐकू येईना. काढून टाकला.

"मग भिजणार का?" मुलगी म्हणाली.

"भिजलो तर भिजलो."

"हो, आणि ताप आला की रजा टाकून मीच येणार धावत." एवढं बोलून तिनं वर बघितलं. चुलीच्या वर आड्याला इरलं टांगलेलं होतं. "ते घे ना बा. मी पुरं करून देते. तासाभराचं काम."

"हात लावायचा नाही त्याला."

मी जरा मोठ्यानंच बोललो असेन. नात आईच्या मागं सरकली.

ते इरलं म्हातारीनं बांधायला घेतलं होतं. बांबूच्या कामट्यांची दोन जाळ्यांची खोळ असते, डोक्यावरून पाठीवर येते, आणि दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची पानं भरतात. भाताच्या आवणीला वाकलं तरी पाठ कोरडी राहते. कामट्या मी काढल्या, पानं मी आणली. तिनं उजवी बाजू भरून बांधली. डावी बाजू भरायच्या आधी तिला जव्हारच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तिथून नाशिकला, आणि मग काय. ते तसंच राहिलं. दोन पावसाळे मी खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन काढले. इरलं धुरात ठेवलं, म्हणजे किडा लागत नाही.

नातीनं विचारलं, "आजा, हे अर्धंच का?"

"आजीनं अर्धंच केलं."

मुलगी म्हणाली, "तिनं काय टांगून ठेवायला केलं होतं?"

हे तिचं बोलणं तिच्या आईचं. आवाज चढवायचा नाही आणि नेमकं दुखेल तिथं बोट ठेवायचं.

"मी बांधीन," मी म्हटलं.

"तू? तुला पानाची पाठ कुठली आणि पोट कुठलं ते तरी कळतं का?"

तसाच कोयता घेऊन निघालो. बांधावरच्या पळसाची पानं आणली, चांगली मोठी, हिरवीगार. ओटीवर त्यांच्या पिशव्या बाजूला सारून बसलो. तिची बाजू मांडीवर घेतली नाही, जपून खाली टेकवली, आणि डाव्या बाजूत पानं खुपसत गेलो. तिच्या गाठी वाखाच्या, बारीक. माझ्याकडं नायलॉनची निळी सुतळी. मुलगी येता-जाता बघत होती. एकदा म्हणाली, "बा, पानं आधी सुकवायची असतात, दाबून."

"मला शिकवू नको."

"नाही शिकवत."

पुरं झालं. लांबून बरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडीत मावेना म्हणून जावयांनी टपावर बांधलं, खाली चादर घालून, चारी बाजूंनी दोरी. मी दोन गाठी सोडून परत बांधायला लावल्या. तेव्हाही ते हसले.

मोखाडा गेलं, जव्हार गेलं, ऊन काही उतरेना. दाभोशाला पोचलो तर आभाळ निळंशार. तयारीची टिंगल मी मनसोक्त केली. तंबू खोलगट जागेत लावत होते, तो उचलून चढावर घ्यायला लावला आणि भोवती चर खणवला. चर कशाला, वर ढगाचं नाव नाही, असं जावई म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या मोबाईलातलं दुसरं अर्धं अजून यायचंय."

ते तिसऱ्या प्रहरी आलं, पूर्वेकडून, एकदम. मी काटक्या आणायला नदीच्या वरच्या अंगाला गेलो होतो. इरलं बरोबर होतं. थेंब पडायला लागले तसं डोक्यावर घेतलं आणि जरा मिजाशीतच उभा राहिलो. तंबूच्या तोंडातून तिघं बघत होती.

आधी मानेवर एक थेंब आला. मग डाव्या खांद्यावर धार लागली. मी इरलं हलवून बघितलं, डोकं फिरवून बघितलं. पाणी आत येतच होतं. हिरवी पानं सकाळपासून टपावर उन्हात तापून आक्रसली होती, वळली होती. मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. माझी बाजू म्हणजे चाळण झाली होती. सदरा डावीकडं अंगाला चिकटला. धोतरात पाणी गेलं.

उजवीकडं काही नाही. उजवा खांदा कोरडा, उजवी बाही कोरडी. दीड वर्ष धुरात काळी पडलेली पानं, आणि एक थेंब आत नाही.

"बा, आत ये," मुलगी ओरडत होती.

"मी बरा आहे," मी म्हटलं. बरा नव्हतो. पण त्या बाजूला हात घालून बघत होतो, कुठं ओल लागते का. लागत नव्हती. इतकी वर्षं मी पानं आणून अंगणात टाकायचो आणि निघून जायचो. पुढं ती काय करायची ते बघायला मी एकदाही थांबलो नव्हतो.

शेवटी जावई माझा पिवळा कोट घेऊन आले, माझ्या डोक्यावर धरला आणि मला आत नेलं. तंबू गळत नव्हता. हे सांगायलाच पाहिजे. आत सगळं कोरडं होतं आणि कांद्याचा वास येत होता. मुलीनं थंडीची पिशवी उघडली, आणि टॉवेल नाही, जुन्या लुगड्याचं फडकं काढलं. बाटलीबरोबर तेही आणलं होतं तिनं. माझं डोकं पुसत म्हणाली, "सांगितलं होतं, पानं सुकवायची."

"कधी सांगितलं?"

"तू ऐकलंस कुठं?"

 बाहेर चरातून पाणी वाहत होतं. मी विचारलं, "कशी सुकवायची?"

"सावलीत. जात्याखाली दाबून. रोज उलटायची, नाही तर बुरशी धरते. आई वर राख भुरभुरायची."

"किती दिवस?"

"पान बघून कळतं," ती म्हणाली, आणि मी परत चिडलो, कारण मला बघून कळलं नसतं.

घरी आल्यावर निळी सुतळी कापली, माझी पानं काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकली. नवी आणून जात्याखाली ठेवली. पहिली बुरशीनं गेली. दुसरी जमली असं वाटतं. तिच्या गाठी बघून गाठ शिकतो आहे. माझी अजून जाड येते.

परवा मुलीचा फोन आला. सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "तिच्या बाजूला हात नाही ना लावलास?"

"नाही."

"बा, ती पानंही काही जन्माला पुरणार नाहीत. पुढच्या पावसाच्या आधी बदलावी लागतील."

हे मलाही माहीत होतं. कोणी बोललं नव्हतं, एवढंच.

"तेव्हा तू ये," मी म्हटलं. "तिची बाजू तू बांध."

 मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "रजा बघते."