पॅनलमधली मराठी

"नहीं अम्मा, नहीं होगा. आपस में मराठी में बोल रहे थे. हाँ, सब समझ में आया."

पुढच्या उमेदवाराला बोलवायला मी दार उघडलं होतं. श्वेता पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. तिचा इंटरव्ह्यू नुकताच संपला होता. मी दार तसंच परत लोटून घेतलं.

मी बनारसच्या एका हॉटेलात एचआरमध्ये आहे. म्हणजे अर्ज चाळायचे, पॅनलवर बसायचं, जागा भरायच्या. त्या दिवशी फ्रंट डेस्कची एक जागा होती. पॅनलवर दोघंच, मी आणि आमचे मॅनेजर परांजपे सर. सर नागपूरहून बदली होऊन आलेले. मी इथलीच, घाटावरच्या जुन्या मराठी घरातली. शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, मराठी फक्त घरात. मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नाही. सर माझ्याशी मराठीत बोलायला लागले तेव्हा मला बरं वाटलं. ऑफिसात इतरांकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे होतं. हळूहळू आम्ही उमेदवारांसमोरच मराठीत बोलू लागलो. त्यांना काय कळणार, असं दोघांनीही धरून ठेवलं होतं.

श्वेताच्या बायोडेटात गॅप होता, म्हणजे नोकरी नसलेला मधला काळ.

"पापा को लकवा हुआ था, तो घर पर थी," ती म्हणाली. "अब वो चल लेते हैं. मुझे काम चाहिए, सर."

सर तिच्याकडे हसून बघत मला मराठीत म्हणाले, "घरचं कारण सांगतेय. लग्नाचं बघत असतील. वर्षभरात जाईल. काहीतरी सोपं विचार आणि सोड."

मला तसं वाटलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "हो सर, मलाही तेच वाटलं."

आमच्याकडे नियम आहे. प्रत्येक उमेदवाराला तेच ठरलेले प्रश्न विचारायचे, म्हणजे तुलना करता येते. चिडलेला गेस्ट समोर आला तर काय कराल, एकच खोली दोघांना दिली गेली तर काय कराल. श्वेताला मी यातलं एकही विचारलं नाही. कुठून येता, ऑटो मिळतो का, एवढंच. उत्तरं देताना ती सरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. का, ते मला दारात कळलं.

"सर, तिला मराठी समजते."

"कशावरून?"

"फोनवर सांगत होती."

"तक्रार करणार आहे का?"

"तसं काही म्हणाली नाही."

"मग सोड ना. पुढचा बोलव."

"तिला परत बोलवू या, सर. नीट विचारू."

"तूच हो म्हणालीस ना? मग आता काय झालं?"

"येते," म्हणून मी बाहेर पडले.

श्वेता गेटपर्यंत पोचली होती. मी इंग्रजीत सुरुवात केली, काहीतरी मिसकम्युनिकेशन झालं वगैरे. घाबरले की मी इंग्रजीत शिरते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाली, "ताई, आम्ही संकठा घाटाजवळ भाड्यानं राहायचो. घरमालकीण मराठी होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरातच मोठी झाले मी."

"परत आत चला ना. सगळे प्रश्न विचारते मी."

"नोकरी तर पाहिजे मला. पण आत्ता परत त्यांच्यासमोर बसून हसणं नाही जमणार." ती रस्त्यावर ऑटो बघू लागली. "आणि तुमच्या फ्रंट डेस्कवर तर हसायचंच काम आहे."

तिनं ऑटोला हात केला. मी 'सॉरी' म्हणाले तोपर्यंत ती बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

ट्रेनिंगमध्ये याला बायस म्हणतात. आधी मत बनवायचं, मग त्याला जुळतील असे प्रश्न विचारायचे. आम्ही तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

मी आत आले तेव्हा पुढचा उमेदवार खुर्चीत बसला होता. उंच, टापटीप, कडक इस्त्रीचा शर्ट. सरांनी त्याला नाव विचारलं. मग माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाले, "हा चालेल, नाही का?"

तो कधी सरांच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यालाही कळावं म्हणून मी हिंदीत म्हणाले, "सर, अभी तो इनसे कुछ पूछा ही नहीं है."