हातात किती?

हुद्दार सर पहिल्या तासाला वर्गात आले की हजेरी घेत नसत. टेबलाशी उभे राहून विचारत, “डॉक्टर व्हायचं होतं असे किती? हात वर करा.” आम्ही साठ जण होतो आणि साठही हात वर झाले. मग सरांनी स्वतःचा हात वर केला, “एकसष्ट,” म्हणाले आणि खडू उचलला. धारवाडच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र दर वर्षी असं सुरू व्हायचं.

त्यानंतर ते फळ्यावर पगार लिहीत. आमच्या आधी शिकून गेलेल्यांचे. नावं नसत, काम, गाव आणि आकडा. औषध कंपनीचा प्रतिनिधी, हुबळी. खाजगी शाळेत शिक्षिका, अळणावर. प्रत्येकासमोर दोन आकडे असत, एक कागदावरचा आणि एक हातात येणारा. “वजन केल्याशिवाय वजन लिहू नये,” ते म्हणत. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “पण सर, आशा तर ठेवायला पाहिजे ना?” सर म्हणाले, “आशा हा अवयव नव्हे. कुठं असते दाखव की, कापून बघू.” अशानं प्रवेश कमी होतात, असं प्राचार्यांनी त्यांना दोनदा सांगितलं. सर “आयतु” म्हणाले, म्हणजे झालं, आणि पुढच्या वर्षी वर्गाचं दार लावून लिहिलं.

हे आकडे ते रस्त्यात गोळा करत. भाजीबाजारात, दवाखान्यात, एकदा तर एका विद्यार्थ्याच्या लग्नात, अक्षता पडल्या पडल्या. प्रश्न ठरलेले: “पगार किती? हातात किती?” सर समोरून येताना दिसले की जुने विद्यार्थी जे दुकान जवळ असेल त्यात शिरत. माझ्या एका मैत्रिणीनं त्यापायी नको असलेला प्रेशर कुकर घेतला.

मी घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलत मोठी झाले, त्यामुळे मला तिन्ही भाषांत गप्प बसता येतं. एम.एस्सी. झाल्यावर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्यांमध्ये केळीची रोपं वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तोंडाला मास्क लावून दिवसभर कोंब कापायचे आणि नव्या बाटल्यांत लावायचे. बोललं तर श्वासातून बुरशी जाते, म्हणून बोलायला बंदी. मुलाखतीत मी फार बोलले नाही, हे तिथं माझ्या बाजूनं धरलं गेलं असावं. पगार तेरा हजार. हातात अकरा हजार आठशे.

नोकरीला चार महिने झाले असतील. एका रविवारी मी सिटी बसमध्ये होते. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि ते जपून ठेवायला सांगतो. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या सुलूमावशी होत्या. त्यांचा मुलगा बेंगळुरूला कंप्युटरमध्ये आहे, हे त्यांनी मला दोन स्टॉपांत दोनदा सांगितलं होतं. तेवढ्यात काकड्यांची पिशवी घेऊन सर चढले.

“काय तंगी!” सर सगळ्या मुलींना तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. “बेलूरला लागलीस म्हणे. पगार किती?”

बस सिग्नलला उभी होती आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. सुलूमावशींनी कानावरचा पदर मागे सारला.

“सव्वीस,” मी म्हणाले. तेराचे सव्वीस. पेशीही वाढायचं ठरवलं की आधी दुप्पटच होते.

“हातात?”

“चोवीस.”

सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग खिशातल्या डायरीत लिहिलं.

पुढचा पावसाळा आला. सर दर वर्षी नव्या वर्गाला आमची प्रयोगशाळा दाखवायला आणत. चहाच्या सुट्टीत दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्याजवळ आली. नाव रेणुका, गाव कलघटगी, वडिलांची पिठाची गिरणी. तिनं कन्नडमध्ये विचारलं, “अक्का, सव्वीस हजारांची लॅब ती हीच का?”

मी मान हलवली.

“मला हुबळीत नर्सिंगची सीट मिळालीय. पैसे भरायला अजून आठ दिवस आहेत. अप्पा म्हणतात, नर्सिंगलाच जा. मी त्यांना सरांच्या फळ्याचा फोटो दाखवला. आता गप्प आहेत.”

शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी सव्वीस हजार ऐकून चहा सांडेपर्यंत हसली. रेणुकाला वाटलं, ती दुसऱ्याच कशावर हसते आहे.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली, बिनपगारी. सर स्टाफरूममध्ये भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. मी बसमधून येताना इंग्रजीत चार वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही म्हटलं नाही.

“सर, तेरा.”

सरांनी घास संपवला. “हातात?”

“अकरा आठशे.”

“हं. बसमध्ये शेजारी कोण होतं?”

“सुलूमावशी.”

“मग बरोबर आहे.” त्यांनी डबा बंद केला. “मी लग्न ठरताना पगार दुप्पट सांगितला होता. तेव्हा नोकरीत तात्पुरता होतो, चौदा वर्षं तात्पुरताच राहिलो. पहिल्या एक तारखेला पाकीट बायकोच्या हातात दिलं. तिनं मोजलं, देवापुढं ठेवलं. तिनं त्यानंतर कधी विचारलं नाही, किती म्हणून. म्हणून मी सगळ्यांना विचारतो.” मग खडू माझ्यापुढे धरला. “फळा माझा आहे. पण आकडा तुझा. चल.”

साठ जणांसमोर मी फळ्यावर तेरा लिहिलं, त्यापुढे अकरा आठशे. अक्षर आधी इतकं बारीक आलं की सर म्हणाले, “तंगी, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू का?” मी पुसून मोठं लिहिलं. वर्गाला सर एवढंच म्हणाले, “बेलूरचा नमुना दुरुस्त केला आहे. लिहून घ्या.”

रेणुका उभी राहिली. “अक्का, वर्षाला वाढतो किती?”

“पाचशे.”

तिनं ते वहीत लिहिलं, पान फाडलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पुढच्या सोमवारी वर्गात एकोणसाठ जण होते. प्राचार्यांनी सरांना तिसऱ्यांदा बोलावलं. सर म्हणाले, “आयतु.”

सर गेल्या हिवाळ्यात गेले. निवृत्तीला चार महिने राहिले होते. चौदाव्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी गेले. काकूंना मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक चणीच्या, शांत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, कुठं काम करतेस विचारलं. मी सांगितलं. “केळीचं का? बरं,” म्हणाल्या. पुढचा प्रश्न यायची मी वाट पाहिली. तो आला नाही.

“पगार चौदा हजार, काकू,” मीच म्हणाले. “हातात बारा सातशे.”

काकूंनी माझं रिकामं फुलपात्र पुन्हा भरलं.

“त्यात भागतं का गं?” त्यांनी विचारलं.

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. सरांनीही नाही.

“नाही,” मी म्हणाले.